जुन्या महालांतच का गाता?

कार्यक्रमानंतर इथे इटलीत आणि सुटीत पुण्याला आल्यावर घरीही मला हाच प्रश्न विचारला जातो: सोळाव्या शतकातले दरबारी संगीत जुन्या महालांतच गाण्याचा हट्ट कशासाठी, सभागृहात ते अधिक लोकांना ऐकता येणार नाही का? तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून या वेळी सविस्तर सांगते.

आम्ही तिघी संगीतकार लुझ्झास्को लुझ्झास्कीचे माद्रिगाल, म्हणजे इटालियन कवितांना चाल लावून केलेली गाणी, गातो. उत्तर इटलीतल्या फेरारा शहराचा ड्यूक, म्हणजे तिथला सत्ताधीश, दुसरा आल्फोन्सो याच्या दरबारात १५८० पासून लाउरा पेवेरारा, लिव्हिया द'आर्को आणि आन्ना ग्वारिनी हे गाणे खासगी दालनांत, मोजक्या पाहुण्यांसमोर गात असत. ड्यूकने ते इतके जपले की तो १५९७ मध्ये वारल्यानंतरच, १६०१ मध्ये, ते रोममध्ये छापले गेले. म्हणजे हे बैठकीचे गाणे आहे. यातल्या ताना स्वरन्‌स्वर लिहून ठेवलेल्या आहेत आणि त्या एकत्र घ्यायच्या तर शेजारणीचा श्वास ऐकू यावाच लागतो.

काही वर्षांपूर्वी उत्तर इटलीतल्या एका महालात आम्ही सकाळी लाकडी छताच्या लहान दालनात तालीम केली. दुपारी आयोजकांनी सांगितले की तिकिटे जास्त विकली गेली आहेत, तेव्हा कार्यक्रम दरबार हॉलमध्ये होईल. मी लगेच होकार दिला, कारण भिंती जुन्या आहेत म्हणजे त्या आपल्याला सांभाळून घेतील, असे मला मनापासून वाटत होते. दुसऱ्याच माद्रिगालात पहिलीची तान उंच घुमटाखाली घुमत राहिली, तिच्यावर दुसरीची येऊन पडली, मला कोणाचाच श्वास ऐकू येईना आणि मी अर्धी मात्रा आधीच गायला लागले. मला सावरायला दुसरीने लय वाढवली, तेव्हा साथीला हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखे जुने वाद्य वाजवणाऱ्याने हात उचलले. तीनशे लोकांसमोर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टाळ्या मिळाल्या. निघताना तिथला वयस्क पहारेकरी मला म्हणाला, "सकाळी मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो, ते गाणे आत्ता कुठे गेले?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हाची मी म्हणत असे की जुनी वास्तू म्हणजे खरा आवाज. ते चूक होते. त्या काळी अशा दालनांच्या भिंतींवर लोकरीचे जाड, चित्रे विणलेले पडदे लटकत असत आणि ते घुमारा शोषून घेत. आज भिंती उघड्या आहेत, त्यामुळे आपण ऐकतो तो नाद ड्यूकने ऐकलेला नाही. मग गालिचा अंथरलेली एखादी साधी खोलीही चालेल, असे तुम्ही म्हणाल, आणि हे मला खोडता येत नाही. एका शाळेच्या वर्गात आमच्या ताना बिनचूक जुळल्या होत्या. तरीही लाकडी छताखाली गेले की कोणी न सांगता माझा आवाज खाली येतो आणि मी प्रेक्षकांसाठी गायचे सोडून शेजारणीसाठी गाऊ लागते. याला तुम्ही हट्ट म्हणत असाल तर म्हणा.

पुढच्या कार्यक्रमासाठी मी लहान दालन आणि चाळीसच खुर्च्या मागितल्या आहेत. नकार आला तर सभागृहात गाईन की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.