ते जबाबात का नाही

लातूरला लॉ कॉलेजात शिकवतो, त्याआधी बारा वर्षं डिफेन्सची, म्हणजे आरोपींच्या बाजूनं, प्रॅक्टिस केली. परवा शेवटच्या वर्षाला आफ्रिकेतल्या रवांडाचा नरसंहार घेतला. 1994, शंभर दिवसांत आठेक लाख माणसं मारली, आणि 2 सप्टेंबर 1998 ला टांझानियातल्या अरुशाच्या आंतरराष्ट्रीय ट्रायब्युनलनं अकायेसूला नरसंहारासाठी दोषी धरलं, आंतरराष्ट्रीय कोर्टाची अशी ही पहिलीच वेळ. पोरं एवढंच पाठ करतात, गाईडात तेवढंच असतं.

खरी गोष्ट पुढं आहे. अकायेसू ताबा नावाच्या कम्यूनचा प्रमुख, आपल्याकडचा गावपुढारी समजा. त्याच्या मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. 1997 च्या जानेवारीत एक साक्षीदार, रेकॉर्डवर नाव फक्त 'जे', बोलता बोलता सांगून गेली की तिच्या सहा वर्षांच्या लेकीवर तिघांनी बलात्कार केला. तीन जज, त्यात नवनीतम पिल्ले एकट्याच बाई. पीठानं ते तसंच जाऊ दिलं नाही, स्वतः प्रश्न विचारले, तेव्हा ती म्हणाली कम्यूनच्या ऑफिसातही पोरींवर असंच झाल्याचं ऐकलंय. पुढं 'एच' आली, तिनं स्वतःवरचं सांगितलं. जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं आणि निकालात आलं की बलात्कारसुद्धा नरसंहार ठरू शकतो.

मागच्या बाकावरनं एक पोरगी उठली, बीडकडची, आईवडील ऊसतोडीला जातात. "सर, पण आधीच्या जबाबात नाही ते कोर्टात वाढवून सांगितलं, म्हणजे ही तर इम्प्रूव्हमेंट झाली ना? आपल्याकडं हे उडालं असतं."

ओमिशन, म्हणजे जबाबातली गाळणूक, मीच शिकवलंय त्यांना. पोलिसांनी जुन्या 161 कलमाखाली घेतलेल्या जबाबात नाही ते हेरायचं आणि उलटतपासात बाईकडून ते ठरलेलं वाक्य घ्यायचं, "मी पोलिसांना तसे सांगितले होते, ते माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." मग तपास अधिकाऱ्याकडून शाबीत करून घेतलं की झालं, संशयाचा फायदा. हे वाक्य मी किती जणींकडून घेतलं मोजलेलं नाही. एक औशाकडची आठवते, पदर दातात धरून उभी होती, आरोपी सुटला.

पोरीला म्हणलं, आपल्याकडंही चार्ज बदलता येतो, फौजदारी प्रक्रियेचं जुनं कलम 216, आता नव्या संहितेत 239. आणि साक्ष कायद्याच्या 165 खाली जजला कुठलाही प्रश्न विचारता यायचा, नव्या कायद्यातही येतो.

"मग विचारत का नाहीत, सर?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री ट्रंकेतनं त्या औशाच्या बाईच्या साक्षीची नक्कल काढली. कोर्टानं विचारलेला प्रश्न एकही नाही. सरकारी वकिलानंही फेरतपासात, म्हणजे माझ्या उलटतपासानंतर, उठून विचारलं नव्हतं की बाई, पोलिसांनी तुम्हाला हे विचारलं तरी होतं का. माझ्या उलटतपासाची साडेतीन पानं, आणि खाली एकच ओळ: फेरतपास, नाही.