दुखत नाही, मग मॅटवर कधी?

"मॅडम, आता अजिबात दुखत नाही, मग खेळायला कधी लागू?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगते, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो, कधी पोरगा विचारतो, कधी कोचचा फोन येतो आणि स्पर्धांचा सीझन जवळ आला की वडील स्वतः घेऊन येतात. मी फिजिओ आहे, आमच्या भागात कबड्डीचं वेड, त्यामुळे गुडघ्याचं एसीएल, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड आतून बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटून ऑपरेशन झालेली मुलं माझ्याकडे कायम असतात. आमच्याकडे त्याला नुसतं "लिगामेंट गेलं" म्हणतात. दरवेळी कुणी पाय धरला म्हणूनच जातं असं नाही हं, पुष्कळदा पाय मॅटवर रोवलेला असतो, अंग वळतं, गुडघ्यात कट्कन वाजतं आणि संपलं.

ऑपरेशनमध्ये तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवीन दोरी बसवतात, बऱ्याचदा त्याच पायाच्या मांडीच्या मागच्या स्नायूचा दोरीसारखा भाग, टेंडन, काढून. ती बसवली म्हणजे लगेच लिगामेंट झाली असं नसतं, आधी तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, मग हळूहळू नवीन रक्तवाहिन्या येतात, पेशी येतात, आणि या सगळ्यात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सगळ्यात कच्ची असते. आणि नेमकं तेव्हाच दुखणं गेलेलं असतं, सूज उतरलेली असते, पोरगं जिना धडाधड उतरत असतं. म्हणून दुखत नाही यावर मी काहीच ठरवत नाही.

मी बघते ती मांडी. गेल्या वर्षी एक डाव्या कोपऱ्याला खेळणारा मुलगा आला, ऑपरेशनला तीन आठवडे झालेले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हटलं, हा टॉवेल खाली दाब. दुसऱ्या पायाला वाटीच्या वरचा स्नायू दगडासारखा उभा राहिला, या पायाला काहीच नाही, नुसती कातडी हलल्यासारखी. तो स्वतःच्याच मांडीकडे बघत राहिला, म्हणाला, "मॅडम मी दाबतोय ओ." खरंच दाबत होता. गुडघ्यात सूज असली की मेंदू त्या स्नायूला जाणारा हुकूमच कमी करतो, जोर नाही म्हणून नाही, हुकूम पोचत नाही म्हणून. टेपने मोजलं तर ती मांडी चार सेंटीमीटरने बारीक झालेली. पुढचे दहा दिवस आम्ही दुसरं काही केलंच नाही, तोच टॉवेल, तासातासाला, आणि नवव्या दिवशी वाटी वर सरकली तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्यापण.

आणि घरच्यांना हात जोडून सांगते, गुडघ्याखाली उशी ठेवू नका. आजी मायेने ठेवते, बरं पण वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पाय सरळ व्हायचा तो होत नाही, मग चालताना लंगडतच राहतो. ठेवायचंच असेल तर टाचेखाली ठेवा. मालीशवाल्याकडे पण नेऊ नका प्लीज.

आता महिने. ऑस्लोमधल्या संशोधकांचा २०१६ सालचा अभ्यास आहे, त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं तितका, म्हणजे एकेका महिन्याला, पुन्हा दुखापतीचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी होत गेला. म्हणून नऊच्या आत मी नाही म्हणते. क्रिकेटर ऋषभ पंतचा गाडीचा अपघात डिसेंबर २०२२ चा, त्यात त्याच्याही गुडघ्याचं लिगामेंट गेलं, तो मॅच खेळला मार्च २०२४ मध्ये, त्याची दुखापत जास्त मोठी होती हे मान्य, पण त्याच्या मागे सगळी यंत्रणा असून एवढा वेळ लागला.

मी नवीन होते तेव्हा एका मुलाला साडेपाच महिन्यांवर हो म्हटलं होतं. दुखत नव्हतं, फायनल होती, सगळ्यांचा आग्रह होता. दुसऱ्याच चढाईत तोच गुडघा गेला. तो परत कधी खेळला नाही, आता दुकान चालवतो, भेटला की अजून मॅडम म्हणून नमस्कार करतो आणि मला ते सहन होत नाही.

म्हणून नऊ महिने झाले तरी आधी फरशीवर खडूने रेघ मारते, एका पायावर उडी मार म्हणते. डाव्या कोपऱ्यावाल्याची चांगल्या पायाची उडी १५० सेंटीमीटर, ऑपरेशनच्या पायाची ११८, म्हणजे ७९ टक्के. निदान ९० तरी हवेत. शिवाय उतरताना गुडघा ताठ ठेवत होता, आत वळवत होता, ते तर आकड्यात दिसतच नाही. तो रुसला, दोन आठवडे आला नाही. मग एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसलेला, हातात खडू.