गरम झाली की रुसणारी गाडी

थंडीच्या पहाटे डिझेल गाडी चालू व्हायला कुरकुरली तर कुणाला नवल वाटत नाही. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. हवा दाबली जाऊन जी उष्णता तयार होते, तिच्यावरच डिझेल पेटतं. म्हणजे तापलेलं इंजिन खरं तर लवकर लागायला हवं. साताऱ्यात माझ्याकडे आलेल्या एका जुन्या सहाचाकी ट्रकचं बरोबर उलटं होतं.

"मेस्त्री, गार असली की एका सेल्फला लागती," ड्रायव्हरमामा सांगत होते. "तापल्यावर बंद केली की दीड-दोन तास नाव घेत न्हाई. आणि बंद केल्या केल्या लगेच सेल्फ मारला तर लागती बी कधी कधी. चहा पिऊन आलो की संपलं."

मालकाला यातलं काहीच पटत नव्हतं. मामांना वाटेत झोप काढायची असते, असं त्याचं ठाम मत. कारण गाडी कुठल्याही गॅरेजपर्यंत ओढून नेईतो ती गार झालेली असायची आणि तिथं पहिल्या झटक्यात लागायची. तरीही बॅटरी, सेल्फ, डिझेल फिल्टर असं सगळं बदलून झालं होतं. शेवटी मामा गाडी बंदच करेनासे झाले. माल भरताना, जेवताना इंजिन चालूच ठेवायचे. जास्तीचं जळालेलं डिझेल मालक त्यांच्या पगारातून वळतं करत होता.

मला याचा फार राग आला. मामांच्या त्या दोन वाक्यांत निम्मं निदान होतं आणि पार्ट बदलणाऱ्यांपैकी कुणी ते ऐकलंच नव्हतं. बंद केल्यावर थोड्या वेळानं दोष वाढतो, म्हणजे काय? चालू इंजिनात ताजं डिझेल वाहतं, पंखा फिरतो. बंद झालं की दोन्ही थांबतं आणि ब्लॉकची धग आजूबाजूच्या भागांत शिरते. तेव्हा तपासायचं तर त्याच वेळी, त्याच जागी. मी मामांना म्हटलं, "पुण्याहून भरून निघालात की फोन करा. मी खंबाटकी घाटाच्या अलीकडे सुरूरला येऊन थांबतो."

मे महिन्यातली दुपार होती. खंबाटकी चढून, भरलेली गाडी सुरूरच्या धाब्यासमोर सपाटीला लागली. बंद करायला सांगितली, पंधरा-वीस मिनिटं जाऊ दिली आणि सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरत होतं, पण लागेना. धुराड्यातून पांढरा धूरसुद्धा नाही. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही.

बॅटरी 12 व्होल्टची, सेल्फ मारतानाही 10 च्या वर टिकत होती. इंजिन बंद करायची स्टॉपची केबल पूर्ण परत येत होती, म्हणजे डिझेल तिनं अडवलेलं नव्हतं. डिझेल पुढं ढकलायचा हातपंप मारून पाहिला, लाइनमधली हवा काढायच्या ब्लीड स्क्रूतून बुडबुड्याशिवाय स्वच्छ डिझेल आलं. मग नोजलकडच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडच्या, दोन पाइपांचे नट सैल केले. सेल्फवर तिथं पिचकारी उडायला हवी, तर नुसता ओलावा. राहिला रोटरी पंप, म्हणजे डिझेलला दाब देऊन नोजलकडे पाठवणारा पंप.

धाब्यावरून एक गोणपाट मागून घेतलं, भिजवून पंपावर गुंडाळलं आणि वरून थोडं थोडं गार पाणी सोडत राहिलो. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. पंप हाताला गार लागल्यावर सेल्फ मारला. सैल नटांतून पिचकारी उडाली. नट आवळले, आणि गाडी लागली.

(हे इंजिन बंद असतानाच करायचं. चालत्या गरम पंपावर गार पाणी ओतलं तर रोटर जाम होऊ शकतो.)

पंपाच्या हेडमध्ये, म्हणजे स्थिर भागात, रोटर फिरतो. त्यांच्यातली फट काही मायक्रॉनची असते आणि तिला सील करतं ते डिझेलच. डिझेल तापलं की पातळ होतं. फट झिजून वाढलेली असेल, तर दाब तयार व्हायच्या आधीच ते निसटतं. त्यात हा पंप इंजिनाच्या निम्म्या वेगानं फिरतो, सेल्फवर तर अगदी सावकाश, म्हणजे निसटायला भरपूर वेळ. चालत्या गाडीत वेग असल्यामुळे तीच गळती जाणवत नाही. म्हणून ही गाडी घाट चढायची, पण चहानंतर लागायची नाही.

मालक म्हणाला, "मग गोणपाट ठेवू की गाडीत." मी साफ नाही म्हटलं. घाटात, वळणावर गाडी बंद पडली तर मागून येणारा थांबेलच असं नाही. पंप उतरवून पंपवाल्याकडे दिला. हेड आणि रोटर जोडीनंच बदलावे लागतात, एकटा रोटर बदलून भागत नाही. सेल्फच्या वेगाला किती डिझेल पडतं, तेही पंप तपासायच्या टेस्ट बेंचवर बघायला सांगितलं. इकडे टाकी खोलली तर तळाला गंज आणि पाणी. ती धुतल्याशिवाय नवा पंप चढवू दिला नाही.

पुढच्या भरलेल्या खेपेला मालकालाच केबिनमध्ये बसवून आणलं. पुन्हा सुरूर, पुन्हा तेवढाच वेळ गाडी बंद. मामांनी सेल्फ मारला आणि ती लगेच लागली.

बिल देताना मी मालकाला स्पष्ट सांगितलं की मामांच्या पगारातून कापलेलं डिझेल त्यांना परत करा. त्यानं त्या महिन्याच्या पगारात ते पैसे घातले.