खाचाखोचा

कॉम्प्युटरच्या रॅमच्या, म्हणजे चालू काम सांभाळणाऱ्या मेमरीच्या, पट्टीला खालच्या कडेवर एक खाच असते. सोनेरी दातांच्या रांगेत, पण बरोबर मध्यावर नाही, जराशी एका बाजूला. स्लॉटमध्ये त्याच जागी एक उंचवटा असतो. पट्टी उलटी धरली तर बसत नाही आणि दुसऱ्या पिढीची असली तरी बसत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोघींचे दात २४०च, लांबीही तीच. पण पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. एकीच्या जागी दुसरी बसू नये म्हणून खाच थोडी सरकवलेली. आपल्या घाईचा इतका विचार कुणीतरी आधीच करून ठेवलाय, हे मला फार आवडतं.

त्या खाचेवर मी जरा जास्तच विसंबलो, त्याची ही हकिगत.

कॉम्प्युटर जुना, पण धडधाकट. रॅम चार जीबी, म्हणजे दोन-दोनच्या दोन पट्ट्या, आणि स्लॉटही दोनच. ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब उघडले की हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकायचं सोडून नुसता पेटून राहायचा. रॅम भरली, आता उरलेला पसारा डिस्कवर नेऊन टाकणं चाललंय, असा त्याचा अर्थ. बोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डच्या, मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं : डीडीआर३, जास्तीत जास्त आठ जीबी. म्हणजे चार-चारच्या दोन. विंडोज ६४ बिटची आहे हेही पाहून घेतलं, कारण घरगुती ३२ बिटच्या विंडोजला चार जीबीपलीकडची रॅम घालून काही उपयोग नसतो. एवढी खबरदारी घेतल्यावर स्वतःला जाणकार समजायला हरकत नव्हती.

नव्याकोऱ्या पट्ट्या आल्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, खाच जुळवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्, टक्. क्लिपा बसल्या. बटण दाबलं, पंखा फिरला आणि बीप. लांबलचक. जरा थांबून पुन्हा. स्क्रीन काळाच्या काळा.

अशा वेळी माणूस जे जे करतो ते सगळं केलं. पट्ट्या काढून घातल्या, स्लॉट बदलले, एकेकटी लावून पाहिली, दात खोडरबरानं घासले (नव्या पट्टीचे!). जुन्या लावल्या की मशीन मुकाट्यानं सुरू. नव्या पट्ट्या दुसऱ्या, अलीकडच्या कॉम्प्युटरला लावल्या, तर तोही सुरू. बोर्ड ठणठणीत, पट्ट्या ठणठणीत, फक्त एकमेकांशी बोलायला तयार नाहीत.

शेवटी जुनी आणि नवी शेजारी ठेवून नुसताच बघत बसलो, तेव्हा दिसलं. जुनीच्या दोन्ही अंगांना आठ-आठ काळ्या चिपा होत्या. नवीची पाठ कोरी.

मग कागद-पेन्सिल घेतली. एका बाइटात आठ बिट, तेव्हा चार गिगाबाइट (जीबी) म्हणजे ३२ गिगाबिट. ते आठ चिपांत भरायचे तर चिपेमागे चार. सोळांत भरले असते तर दोन-दोन. माझा बोर्ड त्या काळातला, जेव्हा रॅमशी व्यवहार करण्याचं काम बोर्डावरच्या नॉर्थब्रिज नावाच्या चिपेकडे असायचं. (पुढं ते प्रोसेसरच्या पोटात गेलं. एएमडीनं आपल्या ६४ बिटच्या प्रोसेसरांत २००३ सालीच नेलं, इंटेलनं डेस्कटॉपवर २००८ मध्ये.) या नॉर्थब्रिजला चिपेमागे दोन गिगाबिटपर्यंतचाच हिशेब येतो. चार गिगाबिटची चिप समोर आली की नॉर्थब्रिज गोंधळतो आणि बोर्ड भोंगा वाजवतो. मॅन्युअल खोटं बोललं नव्हतं. दोन पट्ट्या, बत्तीस चिपा, प्रत्येकीत दोन गिगाबिट, एकूण आठ जीबी. फक्त मधली पायरी त्यानं माझ्यावर सोडली होती.

ही पायरी पट्टीच्या लेबलावर छापलेली असते, आपण वाचत नाही एवढंच. ‘४ जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००’. आपली नजर आधी शेवटच्या आकड्यावर जाते. खरं तर त्याची काळजी सगळ्यात कमी. सेकंदाला १६०० दशलक्ष खेपा, खेपेला आठ बाइट; १६०० गुणिले आठ बरोबर १२८००, हा वेग. बोर्डाला तो झेपला नाही, तर पट्टी सहसा बोर्डाच्या चालीनं चालते, आणि दोन वेगांच्या जोडीला लावल्या तर जलद पट्टी हळू पट्टीबरोबर जुळवून घेते. घोडं अडतं ते मधल्या ‘२आरएक्स८’पाशी. रॅमची वाट ६४ बिट रुंद. आठ-आठ बिटांच्या (‘एक्स८’) आठ चिपा शेजारी मांडल्या की ती भरते. अशी एक रांग म्हणजे एक रँक, आणि दोन रँक (‘२आर’) म्हणजे सोळा चिपा. मला हवी होती ती हीच.

मग आता चिपा मोजायच्या आणि घ्यायची? तसंही नाही. सोळा चिपांची आणखी एक जात असते, तिच्या चिपा चार-चार बिटांच्या. सोळा मिळून एकच रांग. दिसायला तंतोतंत तशीच, खाचही तीच, नवीकोरी आणि स्वस्त. ती फक्त एएमडीच्या काही बोर्डांवर चालते. सर्व्हरची पट्टी निदान लपत नाही, रांगेत नववी चिप असली की समजायचं की ही चुका तपासणारी आहे, आपल्या कामाची नाही.

तेव्हा मी नव्याचा नाद सोडला आणि कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या मशीनमधली जोडी मिळवली. लेबल पिवळं पडलेलं, पण ‘२आरएक्स८’ स्पष्ट. टक्, टक्. एकच छोटा बीप, आणि पडद्यावर ८१९२ मेगाबाइट, म्हणजेच आठ जीबी. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारी चाचणी, चालू ठेवली. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य होतं.

कॅबिनेटचं झाकण लावायच्या आधी टॉर्च मारून एकदा आत बघितलं. पिवळ्या लेबलाच्या कोपऱ्यात कुणीतरी आधीच मार्करनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘ओके’.