आमची वाटचाल : दोन प्रेसपासून अकरा प्रेसपर्यंत

वडलांनी १९९८ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटला भाड्याच्या गाळ्यात दोन सेकंडहॅन्ड पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायची मशीनं, टाकले, वॉशर आणि पॅनलचे ब्रॅकेट एवढंच काम होतं, आज आम्ही रबाळे एमआयडीसीत आहोत, अकरा प्रेस, सव्वीस माणसं. लोन, कस्टमर हे सगळं झालंच, पण मला २००९ ची एक दुपार लिहायचीये.

३० टनी प्रेस, जुना 'की-क्लच'वाला, म्हणजे फिरतं चाक आणि शाफ्ट एका लोखंडी खिळीने जोडणारा. ह्यात पायडल दाबला की रॅम, म्हणजे वरून खाली येणारा ठोकळा, पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मधे अडवता येत नाही, आणि ती खिळी घासली की कधीतरी पायडल न दाबताच परत खाली येतो, आम्ही म्हणायचो डबल मारला. त्या दिवशी सकाळपासून दोनदा मारला होता, ऑपरेटरने मला येऊन सांगितलं पण चारला गाडी येणार होती, मी म्हणालो लॉट निघू दे, उद्या उघडू. अडीचला त्याचा हात जॉब, म्हणजे तयार तुकडा, काढायला रॅमखालच्या साच्यात, डायमध्ये होता आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. डायचा गार्ड काढून पेटीत ठेवलेला, कारण गार्ड लावला की तुकडे कमी निघतात आणि पैसे तुकड्यावर, तो रेट पण मीच ठरवलेला.

हॉस्पिटलबाहेर त्याची बायको एवढंच म्हणाली, "दादा, आता हे जेवणार कसं?"

ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, होतं म्हणून उपचार झाले, पेन्शन बसली. ते लागतंच, पण बरेच मालक म्हणतात कार्ड काढलंय ना मग झालं, तसं नसतं हो. तो आज आमचं स्टोअर बघतो, चलन डाव्या हाताने लिहितो.

त्याच महिन्यात तुकडा बंद करून सगळ्यांना पगार केला. लाइट कर्टन, म्हणजे हात आड आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, लावा म्हणून खूप जण सांगतात, पण जो प्रेस मधे थांबतच नाही त्याला त्याचा काय उपयोग? म्हणून जुन्यांना चारी बाजूंनी जाळी, पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट, आणि नवीन घेतले ते हवेवर चालणाऱ्या एअर क्लचचे, मधेच थांबवता येणारे, दोन हातांची बटणं, एक हात मोकळा करायला कुणी एका बटणाला ट्यूबचं रबर बांधून ठेवलं तर स्ट्रोकच पडत नाही.

आवाजाचं मात्र उशिरा कळलं. वडलांना आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, नात बोलली की ते माझ्या तोंडाकडे बघतात. रक्त येत नाही ना, म्हणून कुणी पळत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. आता प्रेसखाली रबर पॅड आहेत, इअरमफ आहेत, दरवर्षी सगळ्यांच्या कानांची तपासणी.

शेवटचा की क्लचवाला पुढच्या महिन्यात निघतोय. चालू कंडिशनमध्ये घ्यायला एक पार्टी तयार आहे, भंगारापेक्षा बराच जास्त भाव देते, पण आम्ही क्लच गॅसने कापूनच बाहेर काढणार.