दोन नावांची उमेदवार

कोरेगावात तहसील कचेरीसमोर माझं महा ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, पीकविमा, राजपत्रात नावबदल, ज्याला जे लागेल ते. बारावीची परीक्षा जवळ आली की सीईटीचे फॉर्म भरायला पोरं रांग लावतात. हे फॉर्म इतके भरलेत की कोणत्या पानावर कोणता रकाना येतो ते मला डोळे मिटून सांगता येतं. स्वतःचा फॉर्म भरायला मात्र वयाची एकेचाळिशी उजाडली.

निमित्त एका हक्कसोडपत्राचं, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून देण्याच्या कागदाचं. २०२२ च्या दिवाळीनंतर एक आजी दोन भावांबरोबर आली. मसुदा भावांनी कुठूनतरी लिहून आणला होता, मी फक्त टाईप करून प्रिंट काढली. भाऊ चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा आजीनं कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ह्यानं काय होतं गं?" मी म्हटलं, "सही केली की झालं." एवढंच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हिस्सा आहे हे मला ऐकून माहीत होतं. पण आजीला ते लागू होतं का, आणि हा कागद एकदा नोंदवला की परत फिरता येतं का, हे मला सांगता आलं नसतं. शब्द सगळे मी टाईप केलेले, अर्थ एकाचाही धड माहीत नाही.

शेजारच्या टपरीवजा ऑफिसात एक वकीलसाहेब बसतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, ग्रॅज्युएट आहात ना? मग तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अट नाही. ओपनला पदवीला पंचेचाळीस टक्के लागतात." माझं बी.ए. २००३ चं, सेकंड क्लास. म्हणजे बसत होते.

एलएलबीच्या प्रवेशालाही सीईटी द्यावी लागते. पेपर तेव्हा दीडशे प्रश्नांचा होता, वेळ दोन तास. भागाकार करून बघितला, एका प्रश्नाला अठ्ठेचाळीस सेकंद. कायदेविषयक कल तीस, सामान्य ज्ञान चाळीस, तर्क तीस आणि इंग्रजी पन्नास. एक तृतीयांश पेपर इंग्रजीचाच हे पाहून माझा उत्साह तिथेच निम्मा झाला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत एवढाच दिलासा. बाकीचा पेपर मराठीतही असतो, पण त्यावर फार विसंबून राहू नका. कायद्याची मराठी ही वेगळीच भाषा आहे. मँडॅमस, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावणारा कोर्टाचा हुकूम, एका पुस्तकात महादेश, दुसऱ्यात परमादेश. टॉर्टला, म्हणजे ज्याची भरपाई मागता येते अशा दिवाणी चुकीला, अपकृत्य म्हणतात हे कळायला मला आठवडा लागला, तोवर मी ते अपघातासारखं काहीतरी समजत होते. शेवटी इंग्रजी शब्दच पाठ केला आणि मराठी त्याच्या शेजारी लिहून ठेवला. हे उलटं वाटेल, पण प्रश्न दोन्ही भाषांत वाचता आला की अडत नाही.

अभ्यासाची वेळ पहाटे साडेचार ते सहा. क्लास लावला नाही. फक्त रविवारी साताऱ्याला जाऊन कॉम्प्युटरवर सराव परीक्षा द्यायचे, कारण पेपर ऑनलाईन. दिवसभर कॉम्प्युटरवरच बसणाऱ्या बाईला सराव कशाला, असं घरी सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं, पण घड्याळ उलटं पळताना दिसलं की माऊस हातात थरथरतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं ते माझ्या बरोबर पथ्यावर पडलं. कोरेगावहून साताऱ्याला जाताना वाटेत माहुली लागते, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश ह्या कृष्णा-वेण्णेच्या काठचा, हे शाळेत वाचलेलं. पूल ओलांडताना मी वहीत डोकं खुपसून बसलेली असायचे, माहुली आली कधी आणि गेली कधी कळायचं नाही.

आता खरी गंमत सांगते. कायद्याच्या भागात एक 'तत्त्व' दिलेलं असतं आणि एक 'घटना'. तत्त्व घटनेला लावायचं आणि पर्याय निवडायचा. मला वाटलं हा भाग आपला. इतकी वर्षं तहसीलसमोर काढलीत, आपल्याला कोण शिकवणार! पहिल्या सराव परीक्षेत सगळ्यात कमी गुण इथेच पडले.

प्रश्न साधारण असा होता. तत्त्व: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाणं म्हणजे अतिक्रमण, मग नुकसान झालेलं असो वा नसो. घटना: एक मुलगा रोज शेजाऱ्याच्या शेताच्या बांधावरून शाळेत जातो, पिकाला धक्का लावत नाही. मी ठोकून दिलं, अतिक्रमण नाही. कारण मी तालुक्यातले असले शेकडो अर्ज टाईप केलेत: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३, बांधावरून रस्ता मिळणेबाबत. रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. उत्तर चुकलं. मी कागद घेऊन तणतणत वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी प्रश्न वाचला, हसले आणि म्हणाले, "वहिनी, ह्या पेपरात तहसीलदार नाही, वहिवाट नाही, गावही नाही. वरच्या दोन ओळी आहेत तेवढाच कायदा. त्याच्या बाहेरचं जे जे माहीत आहे ते दारात चपलांबरोबर काढून ठेवा."

हे मला फार जड गेलं. नवख्या पोरांना कायदा माहीत नसतो म्हणून ती वाचलेलं तसंच्या तसं लावतात. माझ्या डोक्यात मात्र प्रत्येक घटनेमागे खरी माणसं उभी राहायची. 'अ' नं 'ब' ला विहीर विकली म्हटलं की मी आधी विचारायची, सात-बारावर सामाईक आहे का? ही खोड मोडायला दोन महिने गेले. पूर्ण मोडली असं अजूनही म्हणवत नाही.

उलट काही गोष्टी मात्र पटकन डोक्यात बसल्या. इंग्लंडातला १४१० सालचा ग्लॉस्टरच्या शाळेचा खटला टॉर्टच्या प्रत्येक पुस्तकात असतो. एका मास्तरानं जुन्या शाळेजवळ नवी शाळा काढली, त्यामुळे जुन्या शाळेची फी चाळीस पेन्सवरून बारावर आली. जुन्या मास्तरांनी दावा लावला, तो फेटाळला गेला. नुकसान झालं, पण कोणताही कायदेशीर हक्क मोडला नाही, म्हणून भरपाई नाही. माझ्या केंद्रासमोर, रस्त्याच्या पलीकडे, २०२१ मध्ये दुसरं केंद्र निघालं होतं आणि माझी झेरॉक्सची मिळकत निम्म्यावर आली होती. दोन वर्षं मी त्या मुलाशी धड बोलत नव्हते. हे प्रकरण वाचलं त्या दिवशी मुकाट्यानं जाऊन त्याच्याकडून प्रिंटरचं टोनर उसनं आणलं.

इंग्रजीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रोज एक उतारा वाचला, वीस शब्द लिहिले, त्यातले बारा विसरले. सामान्य ज्ञानाला केंद्रात येणारं वर्तमानपत्र पुरलं.

परीक्षा मेच्या सुरुवातीला, साताऱ्याबाहेरच्या एका कॉलेजात. आणि इथून पुढे कागदांचं पुराण सुरू होतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. माझंही तसंच झालं, २००९ साली. म्हणजे माझं आडनाव, मधलं नाव आणि पहिलं नाव, तिन्ही बदललं. दहावी, बारावी, पदवी माहेरच्या नावानं, आधार सासरच्या. सीईटीचा फॉर्म मी गुणपत्रिकेप्रमाणे माहेरच्या नावानं भरला, जसा सगळ्यांना भरायला सांगते. हॉल तिकीट त्याच नावानं आलं. परीक्षेच्या आदल्या रात्री पिशवी भरताना लक्षात आलं की आधारवर वेगळीच बाई आहे. पायाखालची जमीन सरकली. मग आठवलं, लग्नाआधी पतसंस्थेत नोकरीला होते तेव्हा पॅन कार्ड काढलेलं, ते बदललेलंच नव्हतं. सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लाईट बिलांखाली, रात्री अकराला सापडलं. गेटवरच्या माणसानं फोटोतल्या सव्वीस वर्षांच्या मुलीकडे आणि माझ्याकडे तीनदा पाहिलं आणि सोडलं.

पेपरात शेवटच्या दोन मिनिटांत नऊ प्रश्न उरले होते, सगळे इंग्रजीचे. नऊच्या नऊ ठिकाणी दुसरा पर्याय दाबला.

निकाल लागला. आकडा मिरवण्यासारखा नाही, पण पुरेसा होता. मग कॅपची नोंदणी, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. कागद स्कॅन करून चढवायचे, ते तपासले जातात, चूक असेल तर शेरा मारून परत येतात आणि दुरुस्तीला मोजके दिवस मिळतात. मी ओबीसी, पण जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र, नव्हतं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल. 'पोरांनो, वैधता आधी काढून ठेवा' अशी पाटी माझ्याच केंद्रात माझ्याच अक्षरात लावलेली आहे. मी ओपनमधून अर्ज केला. जाता जाता एक सांगते, कारण रोज कुणीतरी चुकतं: लग्न झालेल्या बाईचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर माहेरावरून निघतो. नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरत नाहीत.

माझा अर्ज परत आला. शेरा होता, नावात तफावत. बाकी सगळं माहेरच्या नावाचं आणि डोमिसाईल तेवढं सासरच्या. तो दाखला मीच, ह्याच हातांनी, आधार समोर ठेवून काढला होता.

लग्नाची नोंदणी आम्ही केलीच नव्हती. चार दिवस होते. नगरपंचायतीत विचारलं, तर लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार, भटजींची सही. पत्रिका पुन्हा त्याच ट्रंकेत निघाली, हळदीचे डाग पडलेली. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्या ट्रंकेला भंगार म्हणता ना?" भटजी आता मुलाकडे पुण्याला असतात. नवरा कामावरून परस्पर पुण्याला गेला, सही घेऊन पहाटेच्या गाडीनं परत आला. पण पत्रिकेवर नाव माहेरचं, तांदळात लिहिलेलं नाव कुठल्याच कागदावर नाही. मग ही आणि ती एकच बाई असं प्रतिज्ञापत्र केलं आणि राजपत्रासाठी अर्ज टाकला. दर आठवड्याला दोन-तीन बायांचे असले अर्ज मी भरते आणि मनात म्हणते, इतकी वर्षं काय करत होत्या ह्या? विवाह प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र शेवटच्या संध्याकाळी चढवलं. तिसऱ्या दिवशी शेरा निघालेला दिसला.

पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकावर मी पुण्याचं आयएलएस टाकलं होतं. १९२४ सालचं कॉलेज, मागे टेकडी, लहानपणी लांबून पाहिलेलं. वकीलसाहेबांनी स्क्रीन बघून विचारलं, "लागलं तर रोज जाणार का कोरेगावहून?" पहिल्या पसंतीचं लागलं की पुढच्या फेऱ्या बंद होतात. काढलं. पहिलं सातारा, दुसरं कोल्हापूरचं शहाजी, तेही मन राखायला. दुसऱ्या फेरीत साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज लागलं.

तासिका सुरू झाल्या तेव्हा गणपती येऊन गेले होते. पहिल्या दिवशी मी तिसऱ्या बाकावर, दोन्ही बाजूंना माझ्या पुतणीच्या वयाच्या मुली. सर हजेरी घेत होते. एक नाव पुकारलं, कुणी बोललं नाही. सरांनी चष्मा वर करून पुन्हा पुकारलं. सगळा वर्ग इकडेतिकडे बघायला लागला, मीही वळून मागे बघितलं. शेजारच्या मुलीनं हळूच कोपर मारलं.

"काकू, तुमचंच असणार. ह्या बाकावरच्या बाकी सगळ्यांची झालीत."