फावडे

'फ्रायडे नाइट लाइट्स' ही फुटबॉलची मालिका आहे असे सांगून मी आजवर अनेकांना ती बघायला लावली आहे. चेंडू हातात घेऊन पळण्याच्या त्या अमेरिकी खेळाचे नियम त्यांतल्या बहुतेकांना अखेरपर्यंत समजले नाहीत. (माझीही गत फारशी वेगळी नाही.) टेक्सासमधले डिलन नावाचे काल्पनिक गाव आणि शाळेच्या संघावर जीव टाकणारी तिथली माणसे कळली, तरी काम भागते. माझ्या मनात घर करून राहिला आहे तो चौथ्या पर्वातला 'द सन' (म्हणजे 'मुलगा') हा २००९ सालचा भाग, आणि त्याचा जीव मैदानात नाहीच.

मालिकेच्या पहिल्याच भागात मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, जायबंदी होतो, त्याच्या जागी बुजऱ्या मॅट सॅरसनला उतरावे लागते आणि त्याने फेकलेला पहिला चेंडू आपल्याच गड्याच्या हेल्मेटवर आदळतो. बाप लष्करात, इराकमध्ये. घरी विस्मरणाने ग्रासलेली आजी, आणि तिचे सगळे याच्या अंगावर. शाळा संपल्यावर शिकागोला चित्रकला शिकायला जायचे सोडून तो तिच्यासाठी गावातच राहतो आणि घरोघर पिझ्झा पोचवतो. 'द सन'मध्ये त्या बापाच्या मृत्यूची बातमी येते.

शवपेटी बंद ठेवलेली असते. रात्री मित्रांसोबत जाऊन मॅट ती उघडायला लावतो. पुढे प्रशिक्षक टेलर यांच्या घरी जेवायला बसल्यावर त्याच्या तोंडून कसेबसे बाहेर पडते, की आजीशी, मित्रांशी चांगले वागता यावे म्हणून आपण सगळा द्वेष एका बापावर ठेवला होता आणि आता तो तोंडावर बोलून दाखवायचा, तर त्या माणसाला तोंडच उरलेले नाही. या मालिकेचे चित्रीकरण सहसा तालमीशिवाय, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून होत असे. मॅट झालेल्या झॅक गिलफर्डचा चेहरा त्या टेबलाशी ज्या तऱ्हेने मोडत जातो, ते पाहताना त्याचा अर्थ कळतो. टेलर समजुतीचे बोल ऐकवत नाहीत, त्याला चालत घरी सोडायला निघतात. मला हा सगळ्यांत शहाणा प्रसंग वाटतो.

मूठमाती हा आपला शब्द किती मोजून-मापून केलेला आहे, हे मला दफनाचे दृश्य पाहताना जाणवले. एक मूठ टाकायची, हात झटकायचे आणि मागे सरायचे. पुढचे काम दुसऱ्या कुणाचे. मॅटला मात्र ती मूठ पुरत नाही. तो फावडे उचलतो आणि कोट घातलेल्या अंगाने, कुणाकडेही न बघता, माती ओढू लागतो. त्याला कुणी थांबवत नाही. पेटीवर ढेकळे पडल्याचा आवाज येत राहतो, आणि तो पुन्हा वाकतो.